पट्टा शेवटपर्यंत ओढा

(दृश्य: वडोदऱ्यातला काळा घोडा पूल, खाली विश्वामित्री नदी)

आज हे पाणी बघून कुणाला खरं वाटणार नाही. इथली धोक्याची पातळी २६ फूट. ऑगस्ट २०२४च्या शेवटच्या आठवड्यात नदी ३५ फुटांच्याही वर गेली. सयाजीगंज, फतेगंज, समा, अकोटा इथं सोसायट्यांच्या तळघरांत उभ्या असलेल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या.

त्या गाड्या गेल्या कुठे?

दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते. मालकाला पैसे मिळतात, गाडी लिलावात जाते. तिथून काही भंगारात जातात. काही धुऊन, वाळवून, नवी सीट कव्हरं घालून जुन्या गाड्यांच्या डीलरच्या शेडमध्ये येतात. विचारलंत तर उत्तर तयार असतं: “पाणी तो अडक्युंय नथी, साहेब.” अशा गाड्या दुसऱ्या गावीही विकल्या जातात, तेव्हा नंबर वडोदऱ्याचा, म्हणजे जीजे-०६, नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

(दृश्य: ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट)

जुनी गाडी बघायला गेलात की बॉनेट नंतर उघडा. आधी हा पट्टा ओढा, अगदी शेवटपर्यंत. त्याची गुंडाळी दोन दारांमधल्या खांबाच्या पायथ्याशी असते. धुणारा हाताला येईल तेवढाच पट्टा धुतो, आतल्या वेढ्यांत गाळाची रेघ तशीच राहते. सात वर्षांच्या गाडीत पट्टा कोराकरकरीत दिसला तर त्याच्यावर शिवलेल्या लेबलवरची तारीख वाचा.

मग दाराच्या उंबरठ्याची प्लास्टिक पट्टी उचकटून कार्पेटखाली हात घाला. खालचा नमदा ओला असेल, किंवा वाळून कडक झाला असेल. गाळ-गंज दिसतो का, म्हणून सीटच्या रुळांचे बोल्ट बघा, स्टेपनीचा खड्डा बघा, जॅक हातात घ्या. जॅक धुवायचं कुणाच्याच लक्षात येत नाही. एसी दहा मिनिटं लावून काचा बंद ठेवा आणि कुबट वास येतो का बघा. सुगंधी डबी आधी बाहेर काढा.

खरी गोम वायरिंगमध्ये असते. गाडी बुडते तेव्हा पाणी कनेक्टरमधून शिरतं आणि तांब्याच्या बारीक तारांमधून प्लास्टिकच्या आवरणाखाली पुढं पुढं ओढलं जातं. बाहेरून वायर कोरडी दिसते, आत तांबं हिरवं पडत जातं. म्हणून गाडी घेतली त्या दिवशी सगळं चालतं आणि चार-सहा महिन्यांनी एकेक करून काचा, सेंट्रल लॉक, एबीएस, एअरबॅग बंद पडू लागतात. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचं युनिट गिअरच्या दांड्याजवळ, जमिनीलगत बसवलेलं असतं. पाणी गुडघ्याएवढं असलं तरी ते बुडतं. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. अजिबात लागलाच नाही, तर तो कुणीतरी मुद्दाम मारून ठेवला असू शकतो.

(दृश्य: डॅशबोर्डखालचं १६ पिनांचं सॉकेट)

इथं स्कॅनर लावा. तो बिघाडाचे कोड दाखवतो. ‘यू’ने सुरू होणारे कोड म्हणजे इलेक्ट्रॉनिक युनिटांचा एकमेकांशी संपर्क तुटलाय. एकही कोड नाही, पण ‘रेडिनेस’च्या, म्हणजे गाडी स्वतःच स्वतःच्या करते त्या, चाचण्या अपुऱ्या दिसतात? मग कोड नुकतेच पुसलेत, नाहीतर बॅटरी काढली होती. वीस-तीस किलोमीटर चालवून परत लावा.

इंजिनाचं दुखणं वेगळं. पाण्यात उभ्या गाडीला कुणी स्टार्टर मारला असेल, तर सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. असं इंजिन चालतंही, पण एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, इतरांपेक्षा कमी भरतं. १०-१५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर सौदा सोडा. गिअरबॉक्सचं तेलही काढून बघा: दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. तापलेला गिअरबॉक्स पाण्यात एकदम गार झाला की ब्रीदरमधून, म्हणजे हवेच्या भोकातून, पाणी आत ओढतो.

कागदांत आरसीइतकीच जुनी विमा पॉलिसी महत्त्वाची. क्लेम नसेल तर नो-क्लेम बोनस २० टक्क्यांपासून ५०पर्यंत चढत जातो. त्याच मालकाच्या नावावर तो ४५वरून शून्यावर आला, तर मधल्या वर्षी क्लेम झाला असावा. कशाचा, ते विचारा. पॉलिसी नव्या मालकाच्या नावावर असेल तर शून्य असणारच, कारण बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो.

१ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरकडे आरटीओचं प्राधिकारपत्र असावं लागतं, आणि गाडी त्याच्या ताब्यात आल्याची नोंद फॉर्म २९-सीने होते. दोन्ही मागा. वॉरंटीचा कागद मात्र उलटून मागची बाजू वाचा. बहुतेकदा तिच्यात इंजिन आणि गिअरबॉक्स असतं, इलेक्ट्रिकल नसतं. बुडालेल्या गाडीत हटकून जातं तेच नेमकं वगळलेलं. बिलावर ‘गाडी पुरात बुडालेली नाही’ हे सहीशिक्क्यानिशी लिहून घ्या.

फसलातच, तर आधी दुरुस्तीला हात लावू नका. हिरवं पडलेलं वायरिंग, गंजलेले पिन, स्कॅनरचा रिपोर्ट यांचे तारखेसह फोटो काढा, अधिकृत वर्कशॉपकडून लेखी अंदाजपत्रक घ्या, डीलरला नोटीस पाठवा. तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात. गाडीला मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. हेल्पलाइन १९१५.