सोळा इंचांचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो.

व्हीलचेअरचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं लगेच सवलतीवर येतं. एसटीत दिव्यांगांना भाड्यात 75 टक्के सवलत आहे, रेल्वेतही आहे, आणि ती असायलाच हवी. पण माणूस खुर्चीसकट थांब्यावरच राहिला तर त्या सवलतीचं करायचं काय? म्हणून आज पैशांचं नाही, इंचांचं बोलू.

शहरातल्या बससाठी सरकारी मापं ठरलेली आहेत. लो-फ्लोअर बसचा तळ रस्त्यापासून 400 मिलिमीटर, सेमी लो-फ्लोअरचा 650. म्हणजे सगळ्यात बुटकी बस घेतली तरी चढायचे सोळा इंच. इमारतीत खुर्चीसाठी उतार करतात तो 1 फूट उंचीला 12 फूट लांब. त्या हिशेबाने बसला सोळा फुटांचा उतार लागेल! बसच्या दाराशी दुमडलेली फळी असते जेमतेम तीन-साडेतीन फुटांची.

तरी हे जमतं, आणि ते असं. थांब्याचा कट्टा सहा इंच उंच असला आणि बस त्याला अगदी लागून उभी राहिली, की सोळाचे दहा होतात. काही बस दाराच्या अंगाला दोन-तीन इंच झुकतात. उरले सात-आठ. तेवढ्याला साडेतीन फुटांची फळी पुरते. मागून एकाने हात दिला की खुर्ची आत.

म्हणजे निम्मं काम बसचं, आणि निम्मं थांब्याचं नि चालकाचं. आता शालिमारला, सीबीएसला किंवा निमाणीला थांब्यासमोर काय उभं असतं, ते नाशिककरांना मी वेगळं सांगायला नको. रिक्षा लागलेल्या असतात, त्यामागे एखादी हातगाडी. बस थांबते रस्त्याच्या मधोमध. फळी कट्ट्यावर न टेकता खाली डांबरावर टेकते आणि तिची घसरगुंडी होते. मग चालकही ती उघडायच्या फंदात पडत नाही, आणि मागच्या दुचाकीवाल्यांचे हॉर्न ऐकून त्याला फार दोषही देववत नाही.

शहर बस 8 जुलै 2021 पासून महापालिकेच्या सिटीलिंकची झाली. नवी बस आली की पेपरात फोटो येतो. फुटपाथला उतार केला म्हणून फीत कापलेली मात्र मी अजून पाहिलेली नाही. खरं तर बसआधी तीच कामं व्हायला हवीत. माझी मावशी व्हीलचेअरवर असते. तिला बस दूरच, घरापासून थांब्यापर्यंत जायचं तरी खुर्ची रस्त्यावरूनच न्यावी लागते, कारण फुटपाथवर चढायला जागा नाही आणि चढलोच तर पुढे डीपीचा खांब आडवा येतो.

2027 च्या सिंहस्थासाठी कामं चालू आहेत. रस्ता होतानाच थांब्याचा कट्टा योग्य उंचीचा केला तर खर्च किरकोळ. नंतर फोडून करायचा तर दुप्पट कटकट. शिवाय कुंभाला येणाऱ्यांत गुडघे धरून चालणारी म्हातारी माणसं किती असतात! कायद्याचीही पळवाट राहिलेली नाही. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितलं की सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांना सहज वावरता यावं यासाठीच्या, नुसत्या शिफारशी पुरेशा नाहीत, किमान काही नियम सक्तीचे हवेत.

रेल्वेचं गणित आणखी अवघड. उंच फलाट रुळापासून 76 ते 84 सेंटिमीटर, डब्याचा तळ सव्वा मीटरच्या पुढे. मधे दीड फुटाची चढण, शिवाय फलाट आणि डब्यामधली फट. दिव्यांगांचा डबा बहुतेक गाडीच्या टोकाला, लिफ्ट कुठे तरी मधेच, आणि मुंबईला जाणारी गाडी नाशिकरोडला थांबणार काही मिनिटं. तेवढ्यात खुर्ची पळवत न्यायची, नि मग चौघांनी उचलायची. तीन मीटरची एक दुमडणारी फळी फलाटावर ठेवली आणि डबा कुठे लागणार ते वेळेवर सांगितलं, तरी हे उचलणं वाचेल.

ते होईपर्यंत उचलावं लागणारच, म्हणून एक अगदी व्यवहारातली गोष्ट सांगते. मदतीला धावताना आधी खुर्चीतल्या माणसाला विचारा, कुठे धरू? आपण घाईत हात ठेवायची दांडी नाही तर पाय ठेवायची पट्टी धरतो, आणि पुष्कळ खुर्च्यांची ती सुटी होते. मावशीची एकदा अशीच एका भल्या माणसाच्या हातात आली. तो दांडी घेऊन उभा, खुर्ची एका अंगाला कललेली, आणि मावशी वरून ओरडतेय, "अहो, मला धरा, तिला नको!" खाली पक्की लोखंडी चौकट असते, ती धरायची. बॅटरीची खुर्ची असेल तर ती भलतीच जड असते, तिथे दोघांनी हिंमत करू नये. आणि एकदा आत गेल्यावर ब्रेक लावलेत का, ते बघून मगच हात सोडा.

नमस्कार.