लोड चाळीस, सीपीयू मोकळा

रात्री दोन वाजता फोन आला, की सर्व्हर रखडलाय. लॉगिन केलं, ‘अपटाइम’ ही कमांड मारली. गेल्या एक, पाच आणि पंधरा मिनिटांची लोडची सरासरी दिसली, तिन्ही आकडे चाळीसच्या आसपास. मशीन आठ कोअरचं. सोबतचा मुलगा लगेच म्हणाला, “सर, सीपीयू कमी पडतोय, कोअर वाढवून मागू या.” मी त्याला ‘टॉप’ उघडायला लावलं, म्हणजे आत्ता कोण किती सीपीयू खातंय ते दाखवणारी कमांड. प्रोग्रॅम चालवण्यात सीपीयूचे जेमतेम आठ टक्के जात होते. मग चाळीसजण थांबले होते कशासाठी?

आजच्या बोलण्यातली ही कळीची जागा आहे, म्हणून इथे जरा थांबतो. लिनक्सवर लोड म्हणजे सीपीयूचा वापर नव्हे, ती रांगेची लांबी आहे. आणि त्या रांगेत फक्त सीपीयूची वाट पाहणारे नसतात. ‘डी’ अवस्थेतल्या प्रोसेस, म्हणजे चालू असलेले प्रोग्रॅम, सुद्धा त्यात धरल्या जातात. या प्रोसेस बहुतेक वेळा डिस्ककडून उत्तर येण्याची वाट बघत अडकलेल्या असतात, आणि त्या अवस्थेत प्रोसेस बंद पाडणाऱ्या ‘किल’ कमांडचाही सहसा उपयोग होत नाही. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर असं नाही, तिथे लोड सीपीयूच्या रांगेपुरताच. लिनक्समध्ये ‘डी’वाले मोजायचा हा बदल १९९३ साली झाला. बदल सुचवणाऱ्या प्रोग्रॅमरचं म्हणणं असं, की स्वॅपची डिस्क (मेमरी अपुरी पडली की तिच्यातला मजकूर जिथे हलवतात ती) काढून तिच्याहून संथ डिस्क बसवली तर मशीन मंदावतं, पण जुन्या हिशोबात लोडचा आकडा उलट खाली येतो. मला हा युक्तिवाद आजही पटतो. सिस्टिमच्या वेगाचे अभ्यासक ब्रेंडन ग्रेग यांनी २०१७ मध्ये जुना पत्रव्यवहार धुंडाळून ही हकीकत पुन्हा उजेडात आणली.

बँकेत जाऊन बघा. कॅश काउंटरवरचा माणूस मोकळा बसलाय आणि सगळी गर्दी पासबुक छापायच्या मशीनपाशी आहे. अशा वेळी कॅशचे काउंटर वाढवून काय होणार?

त्या रात्री पुढे ‘व्हीएमस्टॅट १’ लावलं, ही कमांड दर सेकंदाला रांगेचे आणि मेमरीचे आकडे दाखवते. त्याची पहिली ओळ सोडून द्यायची, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. दुसऱ्या ओळीपासून वाचायचं. ‘आर’ म्हणजे सीपीयू वापरणारे किंवा त्यासाठी थांबलेले, ‘बी’ म्हणजे अडकलेले. आमच्याकडे आर दोन-तीन, बी पस्तीसच्या वर. ‘एसआय’ आणि ‘एसओ’ शून्य, म्हणजे स्वॅपिंग नाही, मेमरीवरचा संशय फिटला. मेमरीबद्दल एवढंच सांगतो: ‘फ्री’ कमांडमध्ये ‘फ्री’चा रकाना बघून घाबरू नका, ‘अव्हेलेबल’ बघा. उरलेली मेमरी लिनक्स फाइलींच्या कॅशसाठी वापरतं आणि गरज पडली की सोडतं.

मग डिस्कचे आकडे दाखवणारं ‘आयओस्टॅट’, ‘एक्स’ हा पर्याय लावून. त्यात एका मागणीला सरासरी किती मिलिसेकंद लागले ते ‘अवेट’च्या रकान्यांत कळतं. बाकीच्या डिस्क पाच-सहा मिलिसेकंदांत उत्तर देत होत्या, एक मात्र नऊशेच्या घरात. डिस्क मरायला टेकली होती. ती बाहेर काढली आणि दहा मिनिटांत लोड तीनवर आला.

सकाळी ‘सार’ उघडून बघितलं. ‘सिसस्टॅट’ या पॅकेजमधलं हे साधन सहसा दर दहा मिनिटांनी आकडे टिपून ठेवतं. त्याच डिस्कचा अवेट तीन दिवसांपासून चढत होता, पंधरा, चाळीस, दीडशे. कुणी पाहिलंच नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं. टॉप तुम्हाला आत्ताचं दाखवतं, काल रात्री काय झालं ते दाखवत नाही. आणि डेबियनवर सिसस्टॅट इन्स्टॉल केलं तरी ही नोंद मुळात बंद असते. ‘ईटीसी’खालच्या ‘डिफॉल्ट’ डिरेक्टरीत ‘सिसस्टॅट’ नावाची फाइल आहे, तिच्यात ‘एनेबल्ड’समोर ‘फॉल्स’ लिहिलेलं असतं. तिथे ‘ट्रू’ करा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. घरी गेल्यावर आजच करा.