हेड पॅकिंग चौथ्यांदा गेलं तेव्हा

(ओव्हरफ्लो पाईपला झिपटायने बांधलेली छोटी बाटली, तळाला हिरवं पाणी)

ही बाटली बघा. रेडिएटरमधून पाणी बाहेर पडतंय का, पडतंय तर किती, हे कळावं म्हणून बांधलीय. गाडी अडीचशे सीसीची टू स्ट्रोक डर्ट बाईक, बाहेरून आलेली, सेकंडहँड घेतलेली. कोल्हापूरच्या बाहेर मुरमाच्या माळावर आम्ही ती चालवतो. वीस मिनिटं दाबून चालवली की बाटली अर्धी भरायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या किकला पांढरा धूर, त्याला कूलंटचा गोडसर वास. एका सीझनमध्ये तीन हेड पॅकिंग (सिलेंडर आणि त्याच्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधलं) बदलली, प्रत्येक वेळी दोन-तीन राईड बरी जायची आणि मग परत तेच.

चौथं पॅकिंग आणायला निघालो तर मिस्त्रींनी थांबवलं. म्हणाले, "पॅकिंग कशानं जातंय ते आधी बघू, नाहीतर पाचवं पण आणावं लागंल."

मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

त्यांनी आधी काहीच खोललं नाही. गिअरबॉक्सचं ऑइल थोडं काढून बघितलं, स्वच्छ होतं, दुधासारखं झालं असतं तर वॉटर पंपाचं सील गेलं असं समजायचं. ऑइलची लेव्हल पण जागेवर, म्हणजे क्लच साईडच्या क्रँक सीलमधून (क्रँक म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा) ऑइल ओढून धूर होतोय असंही नाही. मग रेडिएटरची कॅप, कारण कॅपची स्प्रिंग ढिली पडली तरी पाणी बाहेर येतं आणि लोक उगाच हेड खोलत बसतात. दुसऱ्या गाडीची १.१ प्रेशरची चांगली कॅप लावून बघितली, फरक शून्य. शेवटी थंड इंजिनवर कॅप काढून गाडी चालू केली, आणि रेडिएटरच्या तोंडात बारीक बारीक बुडबुडे, थांबायचं नावच घेईनात.

(बुडबुड्यांचा क्लोजअप)

हा जळालेला गॅस आहे. स्फोट होताना आतलं प्रेशर पाण्याच्या प्रेशरपेक्षा कितीतरी जास्त असतं, त्यामुळे पॅकिंगला जिथं बारीक वाट मिळेल तिथून गॅस पाण्यात घुसतो आणि पाण्याला कॅपमधून बाहेर ढकलतो. गाडी बंद केली की उलटं होतं, सिलेंडरमध्ये प्रेशर उरत नाही पण गरम पाणी अजून दाबाखाली असतं, ते त्याच वाटेनं आत झिरपतं. सकाळचा धूर तोच.

हेड काढलं. पिस्टनवर सगळीकडे काळा कार्बन आणि सायलेन्सरच्या बाजूला एक पट्टा मात्र धुतल्यासारखा लख्ख. पाणी कुठून येतंय ते पिस्टननंच दाखवलं. हेडवर सरळपट्टी ठेवून फटीत फिलर गेज (मापाच्या पातळ पात्या) घातला, ०.०५ मिमीची पाती सहज गेली, ०.१० ची पण गेली. ०.०५ च्या वर असेल तर ते हेड तसंच बसवायचं नसतं. आणि आम्ही तीन वेळा तसंच बसवलं होतं.

उद्यमनगरात ओळखीच्या लेथवाल्याकडे सरफेस प्लेट (एकदम सपाट प्लेट) आहे, तिच्यावर वॉटर पेपर चिकटवून, आधी चारशे मग सहाशे नंबर, पाणी मारत हेड इंग्रजी आठसारखं फिरवायचं, दाब सगळीकडे सारखा. वर मार्करनं रेघा मारून ठेवल्या की कुठं घासलं जात नाही ते दिसतं. मला वाटलं होतं अर्ध्या तासाचं काम, संध्याकाळ गेली.

बोर, म्हणजे हेडच्या खालचा सिलेंडर, तपासायला मात्र बरेच जण विसरतात, आम्ही पण विसरलो होतो. हेड आवळायचे स्टड काढल्यावर दिसलं की भोकाच्या कडेचं ॲल्युमिनियम वर ओढलं गेलंय, हाताला लागत नाही पण हेडला लागतं. ती कड मारून घेतली. स्टडच्या भोकांत जुनं पाणी आणि ऑइल साचलेलं, ते तसंच राहिलं तर स्टड तळापर्यंत बसत नाही, टॉर्क पाना कट्ट म्हणतो आणि आपल्याला वाटतं पक्कं झालं. हवा मारून साफ केलं. मग चौथं पॅकिंग, नट समोरासमोरचे धरून तीन टप्प्यांत.

पाच राईड छान गेल्या. सहाव्या राईडला बाटलीत पाणी.

खरं सांगतो, त्या दिवशी गाडी विकायचं डोक्यात आलं होतं.

मिस्त्रींनी हेड परत काढलं, आणि पॅकिंगकडे न बघता हेडची आतली कड उन्हात धरली. सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे. डेटोनेशन. म्हणजे पेट्रोल नीट जळायच्या ऐवजी फटका मारून पेटतंय, आणि हा फटका प्रत्येक वेळी पॅकिंगच्या कडेवर बसतोय, वर हेड तापून वाकतंय ते वेगळंच. कार्बोरेटरचे जेट बरोबर होते, पेट्रोल बरोबर होतं, मग मिक्शर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) कशानं होतंय?

त्यांनी विचारलं, "थ्रॉटल सोडल्यावर गाडी लगेच खाली येते का?"

येत नव्हती. दोन-तीन सेकंद रेस धरून राहायची. ते मला कितीतरी दिवस जाणवत होतं, मी आयडलचा स्क्रू फिरवून सोडून दिलं होतं.

(मॅग्नेट साईड उघडी, साबणाचं पाणी)

सायलेन्सरचं आणि कार्बोरेटरचं तोंड बंद करून हातपंपानं क्रँककेसमध्ये (क्रँक बसतो त्या खालच्या कप्प्यात) फक्त ६ पीएसआय हवा भरली. मिनिटाला १ पीएसआयच्या आत उतरली तर चालतं, इथं मिनिट व्हायच्या आत काटा शून्यावर. मॅग्नेट काढून साबणाचं पाणी लावलं तर त्या बाजूच्या क्रँक सीलच्या ओठावर फेसाचा फुगा उभा राहिला. तिथून हवा ओढली जात होती, त्या हवेनं मिक्शर लीन, त्यातून डेटोनेशन, आणि मरत होतं ते पॅकिंग. सील पॅकिंगपेक्षा स्वस्त आहे.

सील बदललं, हेड परत सरफेस प्लेटवर घेतलं, पाचवं पॅकिंग लावलं.

आज अकरावी राईड. बाटलीत धूळ आहे, पाणी नाही. ती काढायची नाही असं मिस्त्रींनी सांगितलंय, आणि पाऊस सुरू झाला की गाडी परत आणायची, क्लच साईडचं सील पण तेवढंच जुनं आहे.