सेंट लुईसची पोरं

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. मोकळं मैदान, लाकडी स्टँड.)

ऑगस्ट १९४०. फ्लोरिडातल्या डेटोना बीचचा बेसबॉल संघ. एकोणीस वर्षांचा एक डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, त्या दिवशी आउटफिल्डमध्ये, मैदानाच्या दूरच्या भागात उभा आहे. चेंडू झेलायला तो झेपावतो आणि डाव्या खांद्यावर आदळतो. त्याची पिचिंग तिथंच संपल्यात जमा.

पण पोराची बॅटही चालत होती. सेंट लुईस कार्डिनल्स या अमेरिकी क्लबनं १९४१मध्ये त्याला बॅटर म्हणून खेळवलं. आधी स्प्रिंगफील्ड, मग रॉचेस्टर हे खालचे संघ, आणि सप्टेंबरात थेट मेजर लीग, म्हणजे बेसबॉलची सर्वोच्च पातळी. हा स्टॅन म्युझियल. कारकिर्दीत ३,६३० हिट्स, म्हणजे बेस मिळवून देणारे फटके, सगळे कार्डिनल्ससाठी.

अशी पोरं घडवणारी साखळी कार्डिनल्सचे कारभारी ब्रँच रिकी यांनी उभी केली. १९२०च्या आसपास कार्डिनल्सची तिजोरी रिकामी होती. छोट्या क्लबातला चांगला खेळाडू घ्यायला जावं, तर श्रीमंत संघ जास्त बोली लावून त्याला पळवत. रिकींनी मग ते छोटे क्लबच हाताशी धरले. १९४०पर्यंत तिसाहून जास्त! १९२६ ते १९४६ या काळात कार्डिनल्सनं सहा वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अजिंक्यपदं, जिंकली. अर्थात, एवढ्या गर्दीत कित्येक पोरं वर्षानुवर्षं खालीच अडकून पडली. १९३८मध्ये बेसबॉलचे कमिशनर, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, लँडिस यांनी त्यातल्या अनेकांना करारातून मोकळं केलं, ते बरंच झालं.

(दृश्य: सरावाचं मैदान. कोच आणि तरुण खेळाडू.)

क्लब काय, पैसे टाकून मिळतात. शिकवणारा माणूस मिळणं अवघड. जॉर्ज किसेल १९४०मध्ये खेळाडू म्हणून आले आणि २००८मध्ये निधन होईपर्यंत कार्डिनल्सचेच राहिले. त्यातली बहुतेक वर्षं गेली मायनर लीगमधल्या, म्हणजे खालच्या संघांतल्या, पोरांना खेळाचे प्राथमिक धडे देण्यात.

१९९९च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडण्यात, ४०१ नावं पुकारून झाल्यावर फलंदाज अल्बर्ट पुहोल्सचा नंबर लागला. मायनर लीगमध्ये एक हंगाम काढून २००१मध्ये तो वरच्या संघात आला. २०११नंतर तो एंजल्स संघाकडे गेला. त्याच्या बदल्यात मिळालेल्या ड्राफ्ट-संधीवर कार्डिनल्सनं पिचर मायकल वाका निवडला, आणि २०१३मध्ये मेजर लीगच्या दोन शाखांपैकी एक असलेल्या नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेचा मानकरी तोच ठरला.

मग पुढं संघाचं बिनसलं कुठं? माझ्या मते, घडवण्यात नाही, पारखण्यात. डिसेंबर २०१७मध्ये फलंदाज मार्सेल ओझुनासाठी सँडी अल्कँतारा आणि झॅक गॅलन हे तरुण पिचर मायामी संघाला देऊन टाकले. अल्कँतारानं २०२२मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार पटकावला. जानेवारी २०२०मध्ये फलंदाज रँडी अरोझारेना टँपा बे संघाकडे गेला, आणि त्याच वर्षीच्या पोस्टसीझनमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, त्यानं दहा होम रन ठोकले. विक्रमच तो! खालच्या कोचांनी आपलं काम चोख केलं होतं. वरच्या कचेरीला आपल्या घरात काय आहे, तेच उमगलं नाही.

(दृश्य: बुश स्टेडियम, सध्याचं.)

२०२३मध्ये कार्डिनल्स ९१ सामने हरले आणि आपल्या गटात तळाला गेले. पुढच्या वर्षी क्लबनं जाहीर केलं: वरच्या संघावरचा खर्च आवरायचा आणि मायनर लीगची घडी नव्यानं बसवायची. ते काम सोपवलं हाइम ब्लूम यांच्याकडे. २०२५च्या हंगामानंतर सगळी सूत्रंही त्यांच्याच हाती आली. आता कोणाला ठेवायचं आणि कोणाला सोडायचं, हेही तेच ठरवणार.