टायर निवडायचा तो वजनकाट्यावर

(दृश्य: फिनिक्स, ॲरिझोना. सकाळचे साडेपाच. घरासमोर उभा ट्रेलर.)

हा आमचा ट्रॅव्हल ट्रेलर. सव्वीस फुटी, आत ओटा, दोन पलंग, छोटं बाथरूम आणि खाली दोन एक्सल, म्हणजे चार चाकं. पिकअपच्या मागे जोडायचा आणि निघायचं. सेकंडहँड घेतला तेव्हा मी छत गळतंय का बघितलं, फ्रिज चालतो का बघितलं, गाद्यांखाली हात घालून ओल आहे का तेसुद्धा बघितलं, आणि टायरवर नुसती नजर टाकली, ग्रिप छान दिसत होती म्हणून पुढे गेले.

(दृश्य: आय-17 हायवे, ब्लॅक कॅनियन सिटीनंतरचा चढ.)

2023 चा जून. फिनिक्स समुद्रसपाटीपासून साधारण 1,100 फुटांवर आणि आम्ही निघालो होतो ते फ्लॅगस्टाफ 7,000 फुटांवर, त्यामुळे हा रस्ता म्हणजे चढच चढ, त्यात खाली तापलेलं डांबर. मी गाडी चालवत होते, सांगलीहून आलेले बाबा शेजारी, मुलं मागे झोपलेली. एक ट्रकवाला बाजूने हॉर्न मारत गेला आणि हाताने मागे बघा मागे बघा असं करत होता. मला काहीच कळलं नव्हतं हो. स्टिअरिंग ओढलं नाही, आवाज आला नाही, काही नाही.

ही गोष्ट मला या व्हिडिओत सगळ्यात आधी सांगायचीय. गाडीचा टायर बसला तर आपल्याला कळतं, हाताला कळतं. ट्रेलरचा टायर फुटला तर त्याच्या शेजारचा टायर बिचारा त्याचं ओझं उचलतो आणि आपण तसेच पुढे जात राहतो, मैलभर, दोन मैल, आणि तेवढ्या वेळात फुटलेल्या टायरच्या पट्ट्या आतून ट्रेलरला झोडपत असतात. आमचं चाकावरचं कव्हर उचकटलं, त्या चाकाच्या ब्रेकची वायर तुटली, आणि स्वयंपाकाच्या गॅसची पाइप तिथून जेमतेम वीतभर लांब होती. ते बघून माझे हातपाय गार पडले.

बाबांनी तीस वर्षं उसाची वाहतूक केलीय. आधी ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या, नंतर ट्रक. त्यांनी फुटलेला टायर बघितला, मग उरलेले तीन बघितले, आणि मला एकच प्रश्न विचारला, "अगं, भरल्यावर काट्यावर घातलीस का हिला कधी?"

नव्हती घातली. कारखान्यावर उसाची गाडी आधी काट्यावर जाते आणि मग गव्हाणीत रिकामी होते, हे लहानपणापासून बघितलेलं, पण स्वतःच्या ट्रेलरचं वजन करावं हे डोक्यातच आलं नाही.

(दृश्य: ट्रेलरच्या डाव्या बाजूचं, पुढच्या कोपऱ्यातलं स्टिकर.)

हे स्टिकर प्रत्येक ट्रेलरवर असतं. आमच्यावर लिहिलंय, प्रत्येक एक्सलची मर्यादा 3,500 पौंड, आणि टायर एसटी 205/75 आर 14, लोड रेंज सी. 205/75 आर 14 हे माप, आणि लोड रेंज म्हणजे टायर किती ओझं उचलतो त्याची पायरी, सी पेक्षा डी जास्त, डी पेक्षा ई जास्त. एसटी म्हणजे स्पेशल ट्रेलर, हा टायर फक्त ओढून न्यायच्या चाकासाठी, इंजिनाच्या गाडीला लावायचाच नाही. पी लिहिलेले कारचे टायर ट्रेलरला लावले तर त्यांची क्षमता 1.10 ने भागून धरावी लागते, आणि त्यांच्या बाजूच्या भिंती मऊ, त्यामुळे स्वस्त मिळाले तरी तो विचार सोडून द्या.

तर लोड रेंज सी चा हा टायर हवेचा दाब पूर्ण 50 पीएसआय असताना 1,760 पौंड उचलतो. एका एक्सलला दोन, म्हणजे 3,520. आणि एक्सलची मर्यादा किती? 3,500. म्हणजे कंपनीने ठेवलेली शिल्लक वीस पौंड. इथल्या इंडियन स्टोअरमध्ये बासमतीची जी मोठी पिशवी मिळते ना, तेवढी. त्यातही हवा पूर्ण हवी, टायर नवा हवा, आणि वजन दोन्ही चाकांवर अगदी सारखं हवं. हे सगळं कायद्यात बसत होतं! ट्रेलर बनवणाऱ्यांच्या संघटनेने, आरव्हीआयएने, 2017 पासून निदान 10 टक्के जास्तीची क्षमता ठेवायचा नियम केला, पण त्याआधीचे असंख्य ट्रेलर अजून रस्त्यावर आहेत आणि आमचा त्यातलाच.

अजून एक. 2000 साली फायरस्टोनने 65 लाख टायर परत बोलावले, फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्या उलटत होत्या तेव्हा, त्यानंतर अमेरिकेत नवा कायदा आला आणि कारच्या टायरच्या चाचण्या कडक झाल्या. एसटी टायर मात्र त्या नव्या नियमातून वगळले, ते अजून सत्तरच्या दशकातल्या जुन्या नियमावर तपासले जातात. गाडीत हवेचा दाब दाखवणारा सेन्सर 2007 पासून सक्तीचा, ट्रेलरला नाही. ज्या चाकाचं आपल्याला काही कळत नाही, नेमकं त्याच्याच बाबतीत एवढी ढिलाई का, हे मला खरंच पटत नाही.

(दृश्य: ट्रक स्टॉपवरचा कॅट स्केल.)

हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर असा काटा असतो, काही डॉलरमध्ये पावती मिळते. जाताना नेहमीसारखं सगळं भरून जायचं, पाण्याची टाकीसुद्धा, कारण 40 गॅलन पाणीच 330 पौंडांच्या वर जातं. आमच्या दोन एक्सलवर मिळून 6,720 आलं. चाराने भागा, 1,680. मला हायसं वाटलं, बसतंय की. बाबा म्हणाले, "चारी चाकं सारखी भरलीत हे तुला कोणी सांगितलं?"

मग एका कॅम्पग्राउंडवर चाकाखाली ठेवायचे छोटे काटे घेऊन एकजण आला होता, त्याच्याकडून एकेक चाक मोजलं. डावीकडचं मागचं चाक 1,840. फुटलेलं तेच. ओटा, फ्रिज, धान्याचं कपाट सगळं डाव्या अंगाला, आणि मी हौसेने त्याच बाजूला कुकर, परात, मिक्सर, पिठाचा डबा भरून ठेवलेला. 1,760 च्या टायरवर 1,840, जूनच्या उन्हात, 70 मैलांच्या वेगाने.

आणि त्या टायरचं वय? टायरच्या बाजूच्या भिंतीवर डीओटी आणि पुढे एक नंबर लिहिलेला असतो, त्यातले शेवटचे चार आकडे बघायचे, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. आमच्यावर बाहेरून आकडे नव्हतेच, पूर्ण नंबर कधीकधी आतल्या बाजूला असतो, म्हणून मोबाईल घेऊन खाली आडवी झाले. 3116. म्हणजे 2016 चा एकतिसावा आठवडा, सात वर्षं. ट्रेलर उभा राहून राहून उन्हात वाळतो, ग्रिप झिजतच नाही, रबर मात्र आतून म्हातारं होतं. ट्रेलरचे टायर तीन ते पाच वर्षांत बदला असं इथले जाणकार सांगतात आणि मी आता ते तंतोतंत पाळते.

(दृश्य: टायरचं दुकान.)

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न ब्रँडचा येतो. इथे फुटणाऱ्या स्वस्त टायरना लोक चायना बॉम्ब म्हणतात आणि बरेच जण डोळे झाकून गुडइयर एन्ड्युरन्स घेतात, तो 2017 मध्ये आला, अमेरिकेत बनतो, चांगलाच आहे. पण आमच्या जुन्या टायरच्या जागी कुठलाही ब्रँड असता तरी त्या चाकावर वजन 1,840 च राहणार होतं ना. म्हणून आधी आकडा, मग नाव.

आम्ही त्याच मापात लोड रेंज डी घेतला, 65 पीएसआयला 2,040 पौंड. पंधरा इंची मोठा घ्यायचा विचार होता पण वर चाकाच्या पोकळीत जागा पुरत नव्हती. टायर मोठ्या ताकदीचा घेताना दोन गोष्टी दुकानदार विसरू शकतो, तुम्ही विसरू नका. एक, रिमच्या मागे तिची स्वतःची मर्यादा कोरलेली असते, ती 65 ला चालते का बघा. दोन, साधा रबरी व्हॉल्व्ह 65 पर्यंतच असतो, पुढे 80 चा लोड रेंज ई घेणार असाल तर जास्त दाबाचा किंवा धातूचा व्हॉल्व्ह लागतो. आम्ही धातूचेच बसवले, कारण वर सेन्सर लावायचे होते. सकाळी थंड टायरमध्ये हवा भरायची, दुपारी आकडा आठ-दहाने वाढलेला दिसतो, तेव्हा घाबरून हवा सोडायची नाही.

आणि टायर जाड झाला म्हणून एक्सल जाड होत नाही. एका चाकाच्या वाट्याला 1,750, ते तसंच राहिलं. म्हणून मी धान्य आणि भांडी उजवीकडे पुढे हलवली, पाणी मुक्कामाला पोचल्यावर भरते, परत मोजलं तेव्हा तेच चाक 1,690 वर आलं होतं. वेगही 60 वर आणला. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढताना 55 ची कायद्याने मर्यादाच आहे.

तीन टायर फुटले नव्हते, त्यातला फुटलेल्याच्या शेजारचा तर नव्यासारखा दिसत होता, पण त्याने दुप्पट ओझं ओढलेलं, त्याला ठेवायचा प्रश्नच नव्हता. बाबा मागे वाकले, कव्हर काढलं आणि स्टेपनीचे आकडे वाचले. 3116. पाचही बदलले.

(दृश्य: आय-17, सनसेट पॉइंट रेस्ट एरिया.)

नवीन चाक बसवल्यावर 10, 25 आणि 50 मैलांवर नट परत आवळायचे असतात. हा तोच चढ, वर्षाचा तोच महिना. बाबा टॉर्कचा पाना, म्हणजे नट ठरलेल्या जोराला आवळला की वाजतो तो, घेऊन उतरले, मी सावलीत उभी राहून सेन्सरचे आकडे मोठ्याने वाचत होते, चारही सारखे. डाव्या मागच्या चाकाचा तिसरा नट पाव फेरा फिरला, मग पाना कट्ट वाजला, आणि ते पुढच्या चाकाकडे सरकले.