विष्ठेवरून नर-मादी ओळखताना आकडे कुठे चुकतात?

नमस्कार मंडळी! जंगलात विष्ठा पडली आहे, प्राणी मात्र कुठेच दिसत नाही. तो नर होता की मादी, हे कळेल? कळतं. आतड्याच्या अस्तराच्या पेशी विष्ठेसोबत बाहेर पडतात आणि त्यांत त्या प्राण्याचा डीएनए असतो.

सस्तन प्राण्यांत मादीकडे दोन एक्स गुणसूत्रं, नराकडे एक एक्स आणि एक वाय. वायवर एसआरवाय नावाचं जनुक असतं, १९९० साली सापडलेलं. मग सोपं झालं ना? एसआरवाय दिसलं तर नर, नाही दिसलं तर मादी.

घात इथेच होतो. उन्हापावसात पडून डीएनएचे तुकडे होतात. त्यामुळे चाचणी फसली, तरीही एसआरवाय दिसत नाहीच! म्हणजे फसलेली प्रत्येक चाचणी यादीत एक मादी वाढवणार. आणि वाघिणीने नर हरीण खाल्लं असेल तर? चाचणी फक्त मांजरकुळापुरती बेतलेली नसेल, तर हरणाचं एसआरवाय वाघिणीला नर ठरवून टाकेल.

म्हणून मला अ‍ॅमेलोजेनिनची पद्धत जास्त भरवशाची वाटते. हे जनुक एक्सवरही असतं आणि वायवरही. मांजरकुळात त्याची वायवरची प्रत २० बेस-जोड्यांनी (म्हणजे डीएनएच्या साखळीतल्या २० दुव्यांनी) आखूड असते. नरात दोन लांबीचे तुकडे दिसतात, मादीत एकच. एक्सचा तुकडाही दिसला नाही, तर तो नमुना मोजायचाच नाही. वायचा तुकडा निसटू शकतो, म्हणून तीच चाचणी पुन्हा पुन्हा करावी लागते.

एवढा आटापिटा कशासाठी? नर किती आणि माद्या किती, या आकड्यांवरच काही कल्पना पारखल्या जातात. १९७३ साली ट्रिव्हर्स आणि विलार्ड या शास्त्रज्ञांनी अशीच एक कल्पना मांडली: धडधाकट आईला मुलगे जास्त व्हावेत, कारण दणकट नराला भरपूर पिल्लं होतात, दुबळ्याला जवळपास नाहीत. स्कॉटलंडच्या रम बेटावरच्या लाल हरणांत १९८४ साली तसंच दिसलं, वरचढ माद्यांना नर पाडसं जास्त. पण पुढे कळपांची गर्दी वाढली, आणि १९९९ सालच्या अभ्यासात तो संबंध उरलेला नव्हता. गर्दीच्या आणि जास्त पावसाळी हिवाळ्यांनंतर नर पाडसं कमी जन्मत होती. नर गर्भ पोटातच दगावत असावेत, असा संशोधकांचा कयास.

आता अडचण बघा. जन्मलेली पाडसं कितीही अचूक मोजली, तरी आईच्या पोटात मुळात नर किती रुजले होते, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी गर्भाचाच डीएनए हवा, आणि रानातल्या जिवंत हरिणीकडून तो मिळवणं फार अवघड आहे.