वाकडं आहे, वाकडंच काढा

(दृश्य: लाकडी कोठाराचं दार. घासत, कुरकुरत उघडतं.)

दाराला जोर लावावा लागतो. चौकट खचली आहे आणि कोपरा जमिनीला घासतो. आत अंधार, धूळ, एक मोडकी शिडी. लाकडी सांगाडा, बाहेरून फळ्या, वर दुपाखी छप्पर. लांबी ४ मीटर, रुंदी ३. सामान ठेवायला कुणीतरी बांधलेलं हे कोठार. ज्याने बांधलं त्याने नकाशा काढला नसावा. आज आपण तो उलट्या बाजूने काढणार आहोत.

टेप मात्र अजून खिशातच राहू द्या. आधी कच्चं रेखाटन, हाताने आणि भरपूर मोठं. एकाच कागदावर सगळी मापं कोंबली, की संध्याकाळी आपलेच आकडे आपल्याला लागत नाहीत. तळाचा एक कागद, प्रत्येक भिंतीचा वेगळा, सांध्यांचे आणखी वेगळे.

(दृश्य: टेपचं टोक, अगदी जवळून.)

टेपच्या टोकाची पत्री किंचित हलते. ढिली झाली असं समजून काही जण ती ठोकून घट्ट करतात. कृपा करून करू नका. ती हलते बरोबर आपल्या जाडीइतकी. अडकवून मोजा किंवा टेकवून मोजा, आकडा बरोबर यावा म्हणून ती तशी बनवलेली असते.

आता लांब भिंत. पहिल्या खांबापासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा असं तुकड्यातुकड्याने मोजलं, तर प्रत्येक वेळची बारीक चूक पुढच्या मापात जमा होत जाते. म्हणून शून्य एकच, कोपऱ्यात. टेप तिथून ताणून ठेवायची आणि प्रत्येक खांबाचा आकडा तिच्यावर वाचत जायचं. उंचीसाठी जमिनीवर विसंबता येत नाही, ती स्वतःच उतरती आहे. पारदर्शक नळीत पाणी भरून चारही भिंतींवर एका पातळीची खूण करायची आणि त्या रेषेपासून वर-खाली मोजायचं.

मग कर्ण. ४ बाय ३ चा आयत काटकोनात असेल, तर दोन्ही कर्ण नेमके ५ मीटर. इथे एक निघाला ४.९६ आणि दुसरा ५.०४. म्हणजे मागची भिंत समोरच्या भिंतीच्या तुलनेत जवळपास ५ सेंटिमीटर बाजूला सरकलेली आहे. डोळ्यांना हे दिसलं नव्हतं.

(दृश्य: ओळंबा सोडलेला. दोरी स्थिर होते.)

ओळंबा आणखी एक गोष्ट सांगतो. समोरचा उजवा खांब वरच्या टोकाला ३ सेंटिमीटर बाहेर झुकलाय. का, ते अजून कळलेलं नाही. वहीत फक्त आकडा.

खांब चौरस तासलेले वाटतात, पण मोजले तर नाहीत. लाकूड वाळताना लांबीला जवळजवळ आटत नाही, आडवं मात्र आटतं. तेही वर्षवलयांच्या दिशेने जास्त, गाभ्याकडे कमी. त्यामुळे ओल्या लाकडाचा चौरस वाळला, की नेमका चौरस उरत नाही. प्रत्येक खांबाच्या दोन्ही बाजू मोजाव्या लागतात, आणि हे काम खरोखर कंटाळवाणं आहे.

सांध्यांपाशी आलो की कंटाळा जातो. तुळईच्या टोकाची जीभ खांबाच्या खाचेत बसलीय आणि दोघांतून लाकडी खुंटी आरपार. जिभेतलं भोक मुद्दाम दोन-तीन मिलिमीटर खांद्याकडे, म्हणजे जीभ जिथून सुरू होते तिकडे, सरकवून पाडतात. मग खुंटी ठोकली, की सांधा आपोआप आवळला जातो. शेजारी पटाशीने मारलेल्या खुणा आहेत, कुठला तुकडा कुठे बसतो ते सांगणाऱ्या. युरोप-अमेरिकेतल्या जुन्या सांगाड्यांवर रोमन आकडे असेच सापडतात, कारण सरळ रेघ पटाशीच्या एका घावात उमटते. चार म्हणजे बहुतेकदा चार उभ्या रेघा.

आणि त्या झुकलेल्या खांबावर एक रिकामी खाच. वहीत तिच्याभोवती गोल.

(दृश्य: कोठाराभोवती फिरणारा कॅमेरा.)

फोटोंवरून मोजायची कल्पना जुनी आहे. १८५८ मध्ये जर्मनीतल्या वेट्झलारचं मोठं चर्च मोजताना वास्तुविशारद अल्ब्रेख्त मायडेनबाउअर उंचावरून पडता पडता वाचले, आणि हे काम खाली उभं राहून फोटोंवरून का करू नये, या विचाराला लागले. आज एकमेकांवर भरपूर चढणारे फोटो काढले, की संगणक त्यातून आकार उभा करतो. पण एक तरी खरं अंतर दिल्याशिवाय त्याला हे कोठार आहे की काडेपेटी, ते कळत नाही. सांध्याच्या पोटातलं तर त्याला दिसतच नाही.

आता टेबल. प्रमाण १:२०. पाव मिलिमीटर जाडीची रेघ म्हणजे प्रत्यक्षात ५ मिलिमीटर. सरकलेल्या भिंतीचे ५ सेंटिमीटर कागदावर उरतात जेमतेम अडीच मिलिमीटर. हात शिवशिवतो, गुण्या लावून सरळ करून टाकूया, कुणाला कळणार आहे? पण सरळ केलेला नकाशा कुठल्याही कोठाराचा असू शकतो. आम्ही वाकडी भिंत वाकडीच काढली. त्या रिकाम्या खाचेतला, आता नाहीसा झालेला तिरका आधार, म्हणजे खांब आणि तुळईला जोडणारं तिरपं लाकूड, तुटक रेषेत दाखवला.

(दृश्य: छोट्या काठ्या, पटाशी, डिंक नसलेलं टेबल.)

संगणकावरचं मॉडेल लवकर झालं, जरा जास्तच लवकर. तिथे लाकडाला वजन नसतं आणि दोन तुकडे एकाच जागेत बिनतक्रार बसतात. म्हणून लाकडाचंही केलं, १:१० मध्ये. १५० मिलिमीटरचा खांब इथे १५ चा, सांधे खरेखुरे कोरलेले.

पहिल्याच चौकटीला अडलं. खांब उभे केले, वर तुळई बसवली आणि तिरका आधार आत जाईना. त्याच्या दोन्ही टोकांना जीभ, मग जाणार कुठून? तो खांब आणि तुळईबरोबर एकाच वेळी बसवावा लागतो. म्हणजे चौकट जमिनीवर आडवी जोडून मग अख्खी उभी केली असणार. वही उघडली. खुंट्यांची डोकी सगळी बाहेरच्या अंगाला, पटाशीच्या खुणाही त्याच अंगाला. जोडताना तेच अंग वर होतं.

शेवटी उजव्या खांबाचा आधार मुद्दाम काढून तीच चौकट पुन्हा जोडली. तिरका आधार दाबाला भक्कम असतो, ओढ लागली की भिस्त नुसत्या खुंटीवर. तुळईला डावीकडून बोटाने ढकललं. चौकट उजवीकडे कलली.

(दृश्य: मॉडेलमागे खिडकी. खिडकीतून दिसणारं कोठार, त्याच बाजूला कललेलं.)